पलटन, रिसाला, पेन्शनपुरा

मागच्या दिवाळीत पुण्याचा एक मित्र माझ्यासोबत हिंगोलीला आला होता. दुपारी आम्ही काहीतरी मागवलं, आणि पार्सल घेऊन येणाऱ्या पोराचा फोन आला. "दादा, रिसाल्यात येऊ का पलटनमध्ये?" मी म्हटलं, "दोन्हीकडं नको, पेन्शनपुऱ्याकडून ये." फोन ठेवला तर मित्र माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुमच्या गावात युद्ध चालू आहे का?"

मला तोवर या नावांमध्ये काही विचित्र वाटलंच नव्हतं. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. शाळेतले दोस्त या वस्त्यांतून यायचे, लग्नाच्या पत्रिका याच नावांवर जायच्या. पलटन म्हणजे पायदळ. रिसाला म्हणजे घोडदळ. तोफखान्याचा अर्थ सांगायला नको. सदर बाजार म्हणजे छावणीचा बाजार, आणि पेन्शनपुरा म्हणजे नोकरी संपलेल्या शिपायांची वस्ती. एका आख्ख्या फौजेचा नकाशा आमच्या पत्त्यांमध्ये पडून आहे. आज गावात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, पण लष्कर नाही. ते गेलं त्याला सव्वाशे वर्षं होत आली.

मग ही फौज कोणाची होती? घरात विचारलं तर उत्तर आलं, "निजामाची." हे उत्तर अर्धंच खरं आहे. पगार निजामाचा होता, हुकूम इंग्रजांचा होता. आणि ही सगळी व्यवस्था उभी केली ती एका मुत्सद्द्यानं. त्यानं स्वतः तलवार चालवून राज्य जिंकलं नाही. दरबारात बसणं, कलकत्त्याला पत्रं लिहिणं आणि दिवाणाला पटवणं हेच त्याचं काम. त्याचं नाव हेन्री रसेल.

वकील म्हणून आला

अठराव्या शतकात प्रत्येक दरबारात दुसऱ्या दरबाराचे वकील असत. पेशव्यांचा वकील म्हणून गोविंदराव काळे हैदराबादेत होते, आणि त्यांनी पुण्याला धाडलेली पत्रं इतिहासाच्या अभ्यासकांना आजही लागतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाला रेसिडेंट म्हणत. कागदावर तो पाहुणा होता. बातम्या काढायच्या, तह जुळवायचे, आपल्या सरकारचं हित बघायचं. आजच्या भाषेत राजदूत, गुप्तवार्ता अधिकारी आणि संरक्षण सल्लागार अशा तीन खुर्च्यांवर एकच माणूस.

१७९८ साली हैदराबादेत जेम्स किर्कपॅट्रिक हा रेसिडेंट होता. निजामाकडे तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेली सुमारे १४ हजारांची कवायती फौज होती. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं, त्यामुळे ही फौज कंपनीच्या डोळ्यांत सलत होती. किर्कपॅट्रिकनं निजामाशी नवा तह केला आणि त्याच ऑक्टोबरात ती फौज जवळपास रक्त न सांडता निःशस्त्र करून दाखवली. याच किर्कपॅट्रिकच्या हाताखाली रसेल शिकला. १७८३ चा जन्म, वडील कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आणि पुढे मुख्य न्यायाधीश. पोरगा हुशार होता, फारसी येत होती, बोलण्यात गोड होता. काही काळ पुण्याच्या दरबारात त्यानं हंगामी काम पाहिलं, आणि तिशी गाठायच्या आत तो हैदराबादचा रेसिडेंट झाला. १८२० पर्यंत त्या जागेवर होता.

या माणसाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. किर्कपॅट्रिकनं हैदराबादच्या एका खानदानी घरातल्या खैर-उन-निसाशी लग्न केलं होतं. १८०५ मध्ये तो वारला. त्यानंतर रसेलचे तिच्याशी संबंध जुळले, आणि पुढे त्यानं तिला दूर मच्छलीपट्टणला ठेवून पाठ फिरवली. १८१३ मध्ये ती हैदराबादेत वारली तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. खाजगी गोष्ट आहे, सोडून देता आली असती. पण पुढे निजामाच्या बाबतीत त्यानं जे केलं ते वाचताना मला ती सारखी आठवत राहिली. आधी विश्वास मिळवायचा, आणि किंमत समोरच्यानं मोजायची.

तहात नसलेली फौज

आता थोडं कलमांकडे. कंटाळू नका, सगळी मेख इथेच आहे.

१८०० साली निजाम आणि कंपनीत तह झाला. निजामाचं रक्षण करायला कंपनीची तैनाती फौज हैदराबादेत राहणार. तिच्या खर्चापोटी निजामानं म्हैसूरच्या युद्धांतून मिळालेला मुलूख, म्हणजे बल्लारी-कडप्प्याकडचा सगळा भाग, कंपनीला कायमचा देऊन टाकला. म्हणजे सुरक्षेचं बिल एकदा भरून झालं होतं.

त्याच तहात आणखी एक कलम होतं. दोघांच्या शत्रूशी युद्ध झालं तर निजामानं स्वतःचं ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला पाठवायचं. हे फक्त युद्धाच्या वेळी. शांततेच्या काळात या फौजेचं काय करायचं, तिचे अधिकारी कोण, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नव्हतं.

रसेलनं या कलमातून वाट काढली. त्याचं म्हणणं असं की निजामाची जुनी फौज युद्धात कुचकामी ठरते, पेंढारी मुलूख लुटतात आणि ती बघत राहते. मग युद्धासाठी द्यायचे ते शिपाई आधीपासूनच नीट तयार का ठेवू नयेत? १८१२-१३ च्या सुमारास त्यानं हैदराबादेत दोन पलटणी उभ्या केल्या. शिपाई इथले, कवायत कंपनीची, अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. नाव पडलं रसेल ब्रिगेड. वकिलाच्या नावाची फौज! वऱ्हाडात एलिचपूरकडच्या जुन्या पलटणीही पुढे याच साच्यात बसवल्या, घोडदळ आणि तोफा जोडल्या. युद्धापुरतं असलेलं कलम बारमाही झालं, आणि पुढे या सगळ्याला हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, एलिचपूर, हिंगोली अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या.

निजाम सिकंदर जाह याला हे पसंत होतं का? त्याचं मत फारसं विचारात घेतलंच जात नव्हतं. कारभार पेशकार राजा चंदूलाल याच्या हातात होता, आणि चंदूलाल खुर्चीवर होता तो रेसिडेंटच्या पाठिंब्यावर. रेसिडेंटला फौज हवी, चंदूलालला रेसिडेंट हवा. दोघांचं जमलं.

पहिला मान

फौज लढाऊ निघाली, हे मान्य करावं लागतं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांविरुद्ध ती लढली. आणि जानेवारी १८१९ मध्ये ती आमच्या दारात आली.

हिंगोली, नांदेड आणि वऱ्हाडाच्या सांध्यावर तेव्हा हटकरांचा उठाव पेटलेला होता. हटकर म्हणजे मेंढरं राखणारे आणि वेळ आली की भाला उचलणारे लोक. त्यांचा पुढारी नोवसाजी नाईक. नांदेडच्या उत्तरेला त्याचा किल्ला होता. इंग्रजी कागदांत त्या जागेचं नाव नोवाह असं येतं. मेजर पिटमनच्या हाताखाली निजामाच्या या नव्या फौजेनं किल्ल्याला वेढा घातला. आत मुख्यतः अरब शिपाई होते. काही आठवडे तोफा आणि खंदक चालले, आणि जानेवारीच्या शेवटी किल्ला पडला. आतले बहुतेक शिपाई मारले गेले.

या लढाईबद्दल पलटणींना सन्मान मिळाला. "नोवाह" हे नाव त्यांच्या निशाणावर चढलं. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुढे वाचू शकलो नाही. युद्धात बाहेरच्या शत्रूशी लढायला म्हणून उभी केलेली फौज, आणि तिच्या निशाणावरच्या पहिल्या काही नावांतलं एक आमच्या शेजारच्या शिवारातलं. मारणारेही इथल्याच पगारावर, मरणारेही इथल्याच मातीत.

पगार कुठून आणायचा?

फौज उभी करणं सोपं असतं. दर महिन्याला पगार देणं अवघड. कंटिन्जंटचा खर्च वर्षाला साधारण ४० लाखांच्या घरात गेला. निजामाच्या खजिन्यात एवढी रोकड नव्हती. पगार थकला तर बंड होणार. मग सावकार लागला.

सावकार तयार होता. विल्यम पामर, पुण्यात पूर्वी रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा. आई मुघल खानदानातली. १८१४ मध्ये त्यानं हैदराबादेत पेढी काढली, गुजराती सावकार सोबतीला घेतले. ही पेढी औरंगाबादकडच्या पलटणींच्या पगारासाठी महिन्याला दोन लाख द्यायची, आणि बदल्यात चंदूलाल तिला वर्षाला ३० लाखांचा सारा तोडून द्यायचा. व्याज शेकडा २४-२५. इंग्रज माणसानं हिंदुस्थानी राजाला परवानगीशिवाय कर्ज देऊ नये असा ब्रिटिश संसदेचा कायदा होता. पेढीनं गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडून १८१६ मध्ये परवानगी आणली. पेढीतला एक भागीदार विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्जच्या घरात वाढलेल्या मुलीचा नवरा होता, हे सांगितलं की पुढचं तुम्हाला कळेल.

आता ही साखळी जोडून बघा. रेसिडेंट म्हणतो, सुरक्षेसाठी फौज हवी. फौजेला पगार हवा. पगारासाठी कर्ज हवं. कर्ज देणारे रेसिडेंटचे ओळखीचे. कर्ज फेडायला सारा हवा. सारा कोण भरणार? हिंगोली, वसमत, कळमनुरीचा कुणबी. त्याच्या खळ्यावरून गेलेली ज्वारी आणि कापूस कुठल्या व्याजात जिरतोय, हे त्याला कळायचा मार्गच नव्हता.

रसेल स्वतः या पेढीत छुपा भागीदार होता असा आरोप झाला. चौकशी अंगाशी येणार हे दिसताच १८२० मध्ये तो नोकरी सोडून इंग्लंडला गेला. त्याच साली रसेल घराण्यानं बर्कशायरमध्ये स्वॉलोफिल्ड पार्क नावाची मोठी हवेली आणि जमीन घेतली. शिक्षा कुणाला झाली नाही.

त्याच्या जागी आला चार्ल्स मेटकाफ. कडक माणूस. त्यानं पेढीची पाळंमुळं खणली आणि गव्हर्नर जनरलशीही वाकडं घेतलं. या प्रकरणाचा डाग घेऊनच हेस्टिंग्ज १८२३ मध्ये परत गेला. पामरचं देणं फेडायला निजामाला आपला आणखी एक हक्क विकावा लागला. उत्तर सरकारच्या किनारी मुलखाबद्दल कंपनी त्याला दरसाल सात लाखांची पेशकश देत होती. ती कायमची सोडून त्यानं एकरकमी पैसे घेतले. पेढी बुडाली. पण मेटकाफनं एक गोष्ट केली नाही. त्यानं फौज मोडली नाही. कर्जाची पद्धत वाईट, हे त्याला दिसलं. कर्जाचं कारण मात्र कंपनीच्या सोयीचं होतं.

सदर बाजारातले खड्डे

एवढा खर्च करून सुरक्षा तरी मिळाली का? याचं उत्तर हिंगोलीच्याच सदर बाजारात सापडतं.

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी हिंगोलीला होता. १८३९ मध्ये त्यानं ठगांवर एक कादंबरी लिहिली आणि ती इंग्लंडमध्ये गाजली. तिच्या प्रस्तावनेत आपल्या गावाचा उल्लेख आहे. हिंगोलीत हरी सिंग नावाचा प्रतिष्ठित कापड व्यापारी होता. टेलरसकट छावणीतले अधिकारी त्याच्याकडून माल घेत. हाच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याचा खून करायचा आणि त्याचंच कापड छावणीत उघड विकायचं, अशी त्याची रीत. मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं मारली गेली होती, आणि प्रेतं पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जवळच पुरली होती. ती उकरली तेव्हा टेलर स्वतः हजर होता.

ठगांच्या गोष्टींत इंग्रजांनी मीठमसाला किती घातला यावर आज इतिहासकारांमध्ये वाद आहे, आणि तो ध्यानात ठेवूनच हे वाचावं. पण टेलरच्या सांगण्यातून एक गोष्ट आपोआप बाहेर पडते. ही फौज वाटसरूच्या रक्षणासाठी तिथे नव्हतीच. ती तिथे असणं हेच तिचं काम होतं.

नदीवरची रेघ

माझ्या आजीचं माहेर वाशीमकडचं. हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतो, पुढे पैनगंगा. पूल ओलांडला की आजी खिडकीशी सरसावून बसायची आणि म्हणायची, "आलं बाई आमचं वऱ्हाड. तुमची मोगलाई संपली." लहानपणी आम्हाला ते चिडवणं वाटायचं. ही मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, आणि ती पैनगंगेवर का संपते, हे मला रसेलच्या मागे लागल्यावर कळलं.

चंदूलाल १८४३ मध्ये गेला. पगार थकतच राहिला, आता कंपनीच स्वतःच्या खजिन्यातून तो देऊ लागली आणि निजामाच्या नावावर लिहू लागली. डलहौसी गव्हर्नर जनरल झाला आणि त्यानं वसुली लावली. १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो नवा तह घेऊन निजाम नासिर-उद-दौलापुढे बसला. कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चाच्या बदल्यात मुलूख द्या. निजामानं सांगून पाहिलं की राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या असतात. वाडवडिलांचा मुलूख उगाच देऊन टाकणं, आणि इमानी शिपायांना घरी धाडणं. त्याला दोन्हींतलं एक निवडायला सांगत होते. २१ मे १८५३ ला त्यानं सही केली. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा भाग कंपनीच्या कारभारात गेला. त्यानंतर कंटिन्जंट ही निजामाच्या सैन्याचा भागही राहिली नाही.

१८५७ मध्ये औरंगाबादच्या घोडदळात उठाव झाला, तो दडपला गेला. बाकीची फौज इंग्रजांच्या बाजूनं मध्य हिंदुस्थानात लढली. याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज माफ झालं, रायचूर आणि धाराशिव परत मिळालं. वऱ्हाड नाही. दिवाण सालारजंग यांनी ते परत मिळवायला आयुष्यभर धडपड केली, १८७६ मध्ये लंडनपर्यंत गेले. उपयोग झाला नाही. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं सहावा निजाम महबूब अली खान याच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विरून गेली आणि हिंगोलीची छावणी उठली.

आता हे बघा. ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड घेतलं होतं, ती फौजच उरली नाही. वऱ्हाड मात्र परत आलं नाही.

पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजी कारभार, रयतवारी, कापसाच्या पेठा. अलीकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम. नंतर दोन्ही बाजू १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्या. तरी १९९४ मध्ये विकास मंडळं नेमताना विदर्भाचं वेगळं, मराठवाड्याचं वेगळं नेमावं लागलं. अनुशेष, निधी, सिंचन यांवर आपण आज जी भांडणं ऐकतो त्यात ही रेघ अजून आहे. ती नदीनं आखली असं आपण समजतो. नदी आधीपासून होती. तिची सरहद्द पक्की केली ती एका थकबाकीनं.

शेवटचा पत्ता

रसेल १८५२ मध्ये वारला, तहाच्या एक वर्ष आधी. उतारवयात तो "सिव्हिस" या टोपणनावानं लंडनच्या टाइम्समध्ये हिंदुस्थानच्या धोरणावर पत्रं लिहायचा. निवृत्त मुत्सद्दी वर्तमानपत्रांत सल्ले देतात, ही रीत जुनीच दिसते.

त्याच्या पलटणी संपल्या नाहीत. नावं बदलत बदलत त्या १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाल्या. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला लढताना पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीरचक्र, याच रेजिमेंटचे. त्या शिपायांच्या शौर्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि नव्हतीही. १८१९ च्या शिपायालाही पोट होतं, घर होतं, पेन्शनची आशा होती. त्याच आशेवर पेन्शनपुरा वसला. दोष त्याला देणं सोपं आहे आणि चूक आहे.

मला बोलायचंय ते कागदाबद्दल. आपण फोनवर रोज वाचतो, अमुक देशानं तमुक देशाशी संरक्षण करार केला, श्रीलंकेनं २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीला दिलं, कुठे परक्या फौजेचा तळ झाला. ती बातमी आपण अंगठ्यानं वर सरकवतो. प्रत्येक करार म्हणजे फसवणूक, असं मला म्हणायचं नाही. पण आता अशी बातमी आली की मी तीन प्रश्न विचारतो. पैसे कोण देणार? हुकूम कोण देणार? आणि गरज संपल्यावर फौज परत जाईल की नाही, हे कुठे लिहिलंय? १८०० च्या तहात या तिन्हींची उत्तरं कोरी होती. रसेलनं ती भरली.

मित्राला हे सगळं मी पुण्याला परतताना रेल्वेत सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ही नावं बदलायला हवीत का?" मी नाही म्हटलं. राहू देत. एवढी मोठी उधारी कुठेतरी लिहिलेली असावी, आणि हिंगोलीत ती घराघराच्या पत्त्यावर लिहिलेली आहे. फक्त ती वाचता यायला हवी.